असरोलची मुळी आणि ब्लडप्रेशरची गोळी

घरातल्या वडीलधाऱ्यांचे ब्लडप्रेशर वाढलेले निघाले, डॉक्टरांनी रोजची गोळी लिहून दिली, की पंधरा दिवसांच्या आत घरात कुणीतरी हमखास बोलतेच: "या केमिकलच्या गोळ्या काय जन्मभर खायच्या? त्यापेक्षा एखादा हकीमी नुस्खा बघा. जडीबुटीला साइड इफेक्ट नसतो." बोलणारे मनापासून बोलत असतात. कधी मामूजान असतात, कधी शेजारच्या खाला, कधी मोबाइलवर आलेला एखादा व्हिडिओ. आमच्याकडे येणाऱ्या वाचकांच्या पत्रांतही हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतो, आणि त्यामागे नेहमी एकच समजूत असते. जडीबुटी ही एक दुनिया, केमिकल ही दुसरी. पहिली आपली, दुसरी परक्यांची.

या समजुतीला एका मुळीचा इतिहास उत्तर देतो. ही मुळी हकीमांच्या दवाखान्यातून निघाली, दिल्लीच्या एका प्रयोगशाळेत गेली, मुंबईच्या केईएम इस्पितळातून जगभर पोहोचली आणि रक्तदाबाच्या औषधोपचाराचा पाया घालून गेली. युनानीत तिला असरोल म्हणतात. मराठीत सर्पगंधा, काही भागांत अडकई. हिंदी मुलखात छोटा चांद. बिहारकडे तिचे एक नाव 'पागल की दवा' असेही आहे आणि त्या नावाचा अर्थ पुढे उलगडेल.

झुडूप लहान, गुडघ्याएवढे किंवा त्याहून थोडे उंच. फुले पांढरट, देठ लालसर, फळे पिकली की काळपट जांभळी. औषध सारे जमिनीखाली असते. मुळी वाकडीतिकडी, चव अतिशय कडू. तिच्या वळणांमुळे म्हणा किंवा सर्पदंशावर ती देत असत म्हणून म्हणा, नावात साप आला. गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ऑर्ता याच्या ग्रंथात सापाच्या विषावर चालणाऱ्या मुळ्यांचे वर्णन आहे; त्यांतली एक हीच असावी असे अभ्यासक मानतात. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकतो. सापाचे विष उतरवण्याचा गुण या मुळीत नाही. साप चावला तर इस्पितळ आणि तिथले प्रतिविषाचे इंजेक्शन, दुसरे काही नाही.

तिच्या शास्त्रीय नावाची गंमत वेगळीच. राउवोल्फिया सर्पेंटिना. राउवोल्फ हा सोळाव्या शतकातला जर्मनीच्या ऑग्सबर्ग गावचा डॉक्टर. वनस्पतींच्या शोधात तो १५७३ साली निघाला आणि हलब, बगदाद, बैतुल मुकद्दस असा फिरून परत गेला. हलबच्या बाजारात लोक सकाळी एक काळे, गरम पेय पितात असे त्याने लिहून ठेवले; युरोपात कॉफीची जी पहिली वर्णने छापली गेली त्यांत हे येते. हिंदुस्थान त्याने पाहिला नाही आणि ही मुळी तर नाहीच. त्याच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी एका फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याच्या स्मरणार्थ या जातीला त्याचे नाव दिले, इतकाच त्याचा संबंध.

आता दिल्लीला येऊ.

हकीम अजमल खान हे नाव आपल्या घरांत आदराने घेतले जाते. शरीफी घराण्यातले हकीम, १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षस्थान भूषविणारे, जामिया मिल्लिया इस्लामियाचे पहिले कुलपती. दिल्लीच्या करोल बागेतले आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेज हे त्यांचे मोठे काम. पायाभरणी १९१६ साली व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंज यांच्या हातून झाली, उद्घाटन १९२१ साली महात्मा गांधींच्या हातून. एकाच छपराखाली वैद्य आणि हकीम शिकणार, हाच त्या काळात मोठा विचार होता. पण हकीमसाहेब तिथे थांबले नाहीत. आपल्या मुळ्या-पाल्यांत नेमके काय आहे हे आधुनिक रसायनशास्त्राच्या पद्धतीने तपासले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. आपल्या वडिलोपार्जित विद्येची उलटतपासणी स्वतःहून मागायला धाडस लागते. खरे तर ती आपल्या तिब्बचीच जुनी रीत आहे. इब्न सीनाने 'अल्-कानून' मध्ये औषध पारखण्याच्या अटी घालून दिल्या आहेत: औषधात बाहेरची भेसळ नको, ते गुंतागुंतीच्या नव्हे तर साध्या आजारावर पाहावे, गुण पुन्हा पुन्हा यावा, आणि पारख माणसावर व्हावी, कारण जनावरावर चाललेले माणसावर चालेलच असे नाही.

या कामासाठी माणूस मिळाला तो सलीमुज्जमाँ सिद्दीकी. जन्म १८९७, उत्तर प्रदेशातल्या बाराबंकी जिल्ह्यातला. अलीगढला शिक्षण झाले फारसी आणि तत्त्वज्ञान या विषयांत. पुढे डॉक्टर होण्यासाठी लंडन गाठले, तिथून जर्मनीतले फ्रँकफर्ट, आणि तिथे रसायनशास्त्राने त्यांना पकडले ते कायमचे. चित्रकलेचा शौकही तितकाच मोठा. जर्मनीत त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले होते. १९२७ साली डॉक्टरेट मिळाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात हकीमसाहेबांचा इंतकाल झाला. सिद्दीकी परत आले, तिब्बिया कॉलेजात संशोधन संस्था उभी केली आणि जी पहिली कामे हाती घेतली त्यांत असरोलची मुळी होती.

मुळीतून 'दवा' बाहेर काढणे म्हणजे काय? मुळीची भुकटी अल्कोहोलमध्ये मुरवायची, अर्क गाळून आटवायचा. जो चिकट गाळ उरतो त्यात साखर, रंग, राळ, स्टार्च, सगळे काही असते. औषधी पदार्थ बहुधा अल्कलॉइड नावाच्या वर्गातले असतात. त्यांचा एक गुण कामी येतो: आम्ल घातले की ते पाण्यात उतरतात, अल्कली घातली की पाण्यातून बाहेर पडतात. या चढउतारात बाकीचा कचरा मागे राहतो आणि शेवटी, नशीब आणि चिकाटी दोन्ही असतील तर, बशीच्या तळाशी स्फटिक धरतात. सिद्दीकी आणि त्यांचे सहकारी रफत हुसैन सिद्दीकी यांनी असे पाच पदार्थ वेगळे केले. तीन पांढरे, दोन पिवळे. १९३१ साली इंडियन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. पिवळ्यांना झाडावरून सर्पेंटिन आणि सर्पेंटिनिन ही नावे दिली. पांढऱ्यांना उस्तादाचे नाव: अजमलीन, अजमलिनिन, अजमलिसिन.

ही नावे नुसती आदराची निशाणी म्हणून राहिली नाहीत. अजमलीन आजही जिवंत औषध आहे. हृदयाच्या पेशींत सोडियमचे कण ज्या वाटांनी शिरतात त्या वाटा ते काही काळ अडवते. ब्रुगाडा सिंड्रोम नावाचा एक आनुवंशिक दोष आहे. त्यात वरून धडधाकट दिसणारा तरुण माणूस झोपेतच अचानक दगावतो. साध्या ईसीजीत हा दोष पुष्कळदा लपून राहतो. तेव्हा इस्पितळात, सगळी आणीबाणीची तयारी हाताशी ठेवून, शिरेतून अजमलीन देतात आणि दोष असेल तर ईसीजीची रेघ बदलते. युरोपातले हृदयरोगतज्ज्ञ याला अजमलीन टेस्ट म्हणतात. बल्लीमारानच्या हकीमांचे नाव असे तिथे रोज घेतले जाते.

पण ब्लडप्रेशर उतरवणारी आणि डोके शांत करणारी खरी चीज या पाचांत नव्हती. ती मागे राहिली होती चिकट राळेत, ज्यात स्फटिक धरत नव्हते. तिचा छडा लागायला आणखी वीस वर्षे जायची होती.

मधल्या काळात मुळी इस्पितळांत पोहोचली. सिद्दीकींचा लेख आला त्याच १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडेपणा आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवर ही मुळी चालते असे लिहिले. जुन्या लोकांनी 'पागल की दवा' म्हटले होते ते उगीच नव्हे. मग मुंबई. केईएम इस्पितळातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ही मुळी रक्तदाबाच्या रोग्यांवर अनेक वर्षे वापरून पाहिली आणि ५० रोग्यांच्या काटेकोर नोंदी ठेवून १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल' मध्ये लेख लिहिला. बहुतेकांचा रक्तदाब उतरला होता. लेख वाचून युरोप-अमेरिकेत खळबळ उडाली, कारण त्या काळात वाढलेल्या रक्तदाबावर खात्रीचे औषध डॉक्टरांच्या हाती जवळजवळ नव्हतेच. मीठ तोडणे, विश्रांती, आणि अगदीच बिकट झाले तर शस्त्रक्रिया करून मज्जातंतू कापणे. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरात सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी त्या चिकट राळेतून रेसरपीन वेगळे केले. १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. हा मान मिळालेल्या मुंबईकराची आठवण आज मुंबईतच फारशी निघत नाही, याचे आम्हाला नवल वाटते.

आता मुद्द्याचे. एक झुडूप आपल्या मुळीत असा पदार्थ का बनवते आणि तो माणसाच्या अंगात नेमके काय करतो?

झाडाला पळता येत नाही. किडा लागला, बुरशी चढली, जनावराने कुरतडले तरी जागेवरच उभे राहायचे. म्हणून झाडे आपले शस्त्रागार रसायनांत बांधतात. सर्पगंधेच्या शस्त्रागाराची सुरुवात होते ट्रिप्टोफॅन नावाच्या अमिनो आम्लापासून. हेच ट्रिप्टोफॅन आपल्याला दूध, अंडी, मांस, डाळी यांतून मिळते. झाड त्यातला एक तुकडा तोडून ट्रिप्टामिन करते आणि सेकोलोगॅनिन नावाच्या दुसऱ्या पदार्थाशी त्याची जोडणी करते. या जोडणीतून जो रेणू जन्मतो त्याचे नाव स्ट्रिक्टोसिडीन. हा रेणू म्हणजे एका मोठ्या खानदानाची आई म्हणा. सर्पगंधेत त्याच्यापासून रेसरपीन आणि अजमलीन होते. सिंकोनाच्या सालीत त्याच्यापासून मलेरियावरचे क्विनीन होते. काजऱ्याच्या बियांत स्ट्रिक्नीन हे जहर होते. आणि आपल्या अंगणातल्या सदाफुलीत रक्ताच्या कॅन्सरवर चालणारी औषधे होतात. आई एक, लेकरांतले एक मारणारे, दुसरे तारणारे. हे घडते ते एन्झाइम नावाच्या कारागिरांमुळे. प्रत्येक झाडात कारागिरांची रांग वेगळी, म्हणून शेवटचा माल वेगळा. सर्पगंधेत अजमलीन घडवणाऱ्या दहाएक एन्झाइमांची ही रांग जर्मनीतल्या माइन्झ विद्यापीठात योआखिम श्टॉकिग्ट यांच्या गटाने एकेक करून उलगडली.

सदाफुलीचा विषय निघालाच आहे, तर थोडे थांबू. पुष्कळ घरांत साखरेच्या आजारावर सदाफुलीची पाने चघळण्याचा सल्ला दिला जातो. असाच सल्ला जमैका बेटावरही होता आणि त्यावरूनच १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी पानांचा अर्क उंदरांना दिला. साखर काही उतरली नाही. पण उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी झाल्या. त्यातून व्हिनब्लास्टीन हे कॅन्सरचे औषध हाती आले. पांढऱ्या पेशी कमी करणारे पान मधुमेहाच्या माणसाने, ज्याला आधीच जखमा चिघळण्याचे भय, रोज सकाळी चघळावे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. आमचे मत विचाराल तर मुळीच चघळू नये.

परत रेसरपीनकडे. आपल्या मज्जातंतूंच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्या असतात. त्यांत निरोप पोहोचवणारी रसायने भरून ठेवलेली असतात: नॉरअॅड्रेनलिन, डोपामिन, सेरोटोनिन. मेंदूकडून हुकूम आला की पिशवी फुटते आणि रसायन पुढच्या पेशीला निरोप देते. रक्तवाहिन्यांजवळच्या टोकांतून नॉरअॅड्रेनलिन सुटले की वाहिन्या आखडतात, हृदय जोराने धडधडते आणि रक्तदाब वाढतो. या पिशव्या भरण्यासाठी त्यांच्या भिंतीत पंप बसवलेले असतात. रेसरपीन त्या पंपातच जाऊन रुतते. पंप बंद पडतो. पिशवीबाहेर राहिलेल्या रसायनाची तिथल्या तिथे एक एन्झाइम विल्हेवाट लावते. पिशव्या रिकाम्या, निरोप बंद, वाहिन्या सैल, रक्तदाब खाली. आणि रेसरपीन एकदा रुतले की सहजी सुटत नाही. म्हणून गोळी थांबवल्यावरही तिचा असर कित्येक दिवस राहतो.

योगायोग असा की सेरोटोनिन आपले शरीर बनवते तेही ट्रिप्टोफॅनपासूनच. झाडाने ज्या कच्च्या मालातून शस्त्र घडवले, त्याच कच्च्या मालातून आपण निरोप घडवतो. दोघांच्या ठेवणीत साम्य असल्यामुळेच झाडाचा रेणू आपल्या पंपाला फसवू शकतो.

पण पंप फक्त रक्तवाहिन्यांजवळ नसतात, मेंदूतही असतात. तिथल्या पिशव्याही रिकाम्या होतात. खवळलेला रोगी शांत होतो, झोप येते. 'पागल की दवा' ती हीच. १९५४ च्या सुमारास न्यूयॉर्कजवळच्या मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ती याच कामासाठी वापरली. मात्र रक्तदाबासाठी हीच गोळी मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांपैकी काहींना भलताच त्रास सुरू झाला. उदासी, कशातच मन न लागणे, वाईट स्वप्ने, काहींच्या मनात जीव देण्याचे विचार. शिवाय नाक चोंदणे, नाडी मंदावणे, पोटात आम्ल वाढणे. या उदासीचा गोळीशी संबंध किती यावर पुढे बराच वाद झाला आणि कमी मात्रेत ती फारशी दिसत नाही असेही आढळले. पण मनाची अवस्था मेंदूतल्या रसायनांशी जोडलेली आहे, नैराश्य म्हणजे इमानाची किंवा हिमतीची कमतरता नव्हे, हा विचार वैद्यकात रुजला तो बऱ्याच अंशी या मुळीच्या त्रासातूनच. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसरपीन दिले. ससे दगडासारखे बसून राहिले. मग डोपामिन ज्यापासून बनते ते एल-डोपा टोचले आणि थोड्याच वेळात ससे उड्या मारू लागले. हे १९५७ साली छापून आले. पार्किन्सनच्या कंपवातात आज जी गोळी दिली जाते तिचा रस्ता इथून निघाला आणि कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले.

ज्या मुळीला साइड इफेक्ट नसतो असे घरोघरी म्हटले जाते, तिच्या साइड इफेक्टने मेंदूच्या अभ्यासाचे एक दार उघडले, असे हे प्रकरण आहे.

आता एक प्रयोग, जो आमच्या मते या सगळ्यात घरच्यांना सांगण्यासारखा आहे. रक्तदाब वाढला तरी माणसाला काही होत नाही. डोके दुखत नाही, चालताफिरता येते. मग गोळी घेऊन खरेच फायदा होतो का? १९६० च्या दशकापर्यंत डॉक्टरांतही यावर एकमत नव्हते. अमेरिकेत एडवर्ड फ्रीस यांनी माजी सैनिकांच्या इस्पितळांतले १४३ पुरुष निवडले. सगळ्यांचा खालचा रक्तदाब ११५ ते १२९. निम्म्यांना खऱ्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या फोल गोळ्या. खऱ्या उपचारात तीन औषधे होती: लघवी वाढवणारे एक, रक्तवाहिन्या सैल करणारे हायड्रॅलझिन, आणि तिसरे रेसरपीन. १९६७ साली निकाल जाहीर झाला. फोल गोळीवाल्यांत २७ जणांना पक्षाघात, हृदय निकामी होणे, डोळ्यांत रक्तस्राव असे गंभीर प्रकार झाले आणि चार जण दगावले. औषधवाल्यांत असे प्रकार दोघांना झाले. दगावले कुणी नाही. ब्लडप्रेशरची गोळी माणसाचा जीव वाचवते हे असे रीतसर सिद्ध झाले, आणि सिद्ध करणाऱ्या त्या पुडीत आपल्या असरोलचा रेणू होता.

तेव्हा मामूजान म्हणतात त्यात अर्धे तथ्य आहे. मुळीत दम आहेच. मग चूर्णच का घेऊ नये? हिशेब करून पाहू. रेसरपीनची रोजची मात्रा साधारण एक मिलिग्रॅमच्या दहाव्या भागापासून पाव मिलिग्रॅमपर्यंत. मुळीत रेसरपीन असते हजारात एक भागाच्या आसपास; पण कुठे हजारात अर्धा भाग, कुठे दीड भाग. जमीन, हंगाम, झाडाचे वय, मुळीची साल किती आणि आतले लाकूड किती, यावर ते बदलते. चहाचा एक चमचा चूर्ण म्हणजे दोन-तीन ग्रॅम. म्हणजे त्या एका चमच्यात एक मिलिग्रॅमपासून साडेचार मिलिग्रॅमपर्यंत काहीही असू शकते: कमीत कमी मात्रेच्या दहापट ते पंचेचाळीसपट. आणि त्यासोबत मुळीतले पन्नासाहून अधिक इतर अल्कलॉइड, ज्यांत हृदयाची लय बदलणारे अजमलीनही आले. बाजारात सर्पगंधेच्या नावाने तिच्या जातभाई झुडपांची मुळी मिसळून येते, ती गोष्ट निराळीच. शिकलेले, नोंदणीकृत हकीम किंवा वैद्य मात्रा तोलून देतात, रोग्यावर नजर ठेवतात. आमचा आक्षेप आहे तो जत्रेत, दर्ग्याच्या उरुसात, बसस्टँडबाहेर पुडी बांधून देणाऱ्यांवर आणि त्या पुडीपायी चालू गोळी बंद करणाऱ्यांवर. गोळी एकाएकी सोडली की दाब उसळतो आणि घरात पक्षाघाताचा रोगी येतो. दोन्ही एकत्र घेतले तर दाब आणि नाडी नको इतकी खाली येऊन माणूस वुजू करताना किंवा सजद्यातून उठताना चक्कर येऊन पडू शकतो.

उलट बाजूही आहे. झाडे रक्तदाब उतरवतात तशी चढवतातही. ज्येष्ठमध, आपण मुलेठी म्हणतो ती, खोकल्यावर घराघरात असते. तिच्यात ग्लिसिऱ्हायझिक आम्ल असते. आपल्या मूत्रपिंडात कॉर्टिसॉल या हार्मोनला निकामी करणारे एक एन्झाइम आहे. मुलेठी त्या एन्झाइमला अडवते. मोकळे सुटलेले कॉर्टिसॉल मग शरीराला मीठ धरून ठेवायला लावते, पोटॅशियम बाहेर जाते, पाय सुजतात, रक्तदाब चढतो. घसा बसला म्हणून दोन दिवस तुकडा चघळला तर चिंता नाही. पण महिनोन्महिने मुलेठीचा काढा पिणाऱ्या ब्लडप्रेशरच्या माणसाची गोळी 'लागू पडत नसेल', तर डॉक्टरांना काढ्याचे सांगा. पुष्कळ जण सांगत नाहीत. डॉक्टर रागावतील म्हणून, किंवा काढा हे औषधच नाही असे वाटून.

रमजानचेही इथेच सांगतो. आजच्या बऱ्याचशा रक्तदाबाच्या गोळ्या दिवसातून एकदाच घ्यायच्या असतात. त्या इफ्तारनंतर किंवा सहरीला बसवता येतात. लघवी वाढवणारी गोळी सहरीला घेतली तर दिवसभर तहान लागते, म्हणून तिची वेळ किंवा गोळीच बदलावी लागते. हे स्वतः ठरवू नका. शाबान महिन्यातच डॉक्टरांकडे जाऊन विचारा. इफ्तारीच्या दस्तरख्वानावर पापड, लोणचे, सुके बोंबील, खारे शेंगदाणे किती असावेत ते मात्र घरच्यांच्याच हातात आहे.

रेसरपीन आता पहिल्या पसंतीचे औषध राहिलेले नाही. पंपात रुतून न बसणारी, उदासीचे भय नसलेली नवी औषधे आली. कमी मात्रेत ते अजून काही ठिकाणी दिले जाते. त्याच पंपावर काम करणारी सुधारलेली औषधे हातपाय आपोआप वेडेवाकडे हलण्याच्या काही आजारांत वापरतात. सिद्दीकी १९५१ साली पाकिस्तानात गेले, १९६१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि नव्वदी ओलांडेपर्यंत कराचीत संशोधन करत राहिले. कडुनिंबातले निंबिन वेगळे काढले तेही त्यांनीच. १९९४ साली त्यांचा इंतकाल झाला.

झुडपाची स्थिती मात्र बरी नाही. १९५० च्या दशकात जगभरातून मागणी आली आणि जंगलांतून मुळ्या खणून नेल्या गेल्या. मुळी काढली की झाड गेले, पान तोडण्यासारखे ते नव्हे. बीही नीट उगवत नाही. पेरलेल्यांतले पुष्कळ वाया जाते. आज सर्पगंधा धोक्यातल्या वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या यादीत आहे आणि तिच्या परदेशी व्यापाराला परवाना लागतो. औषध कंपन्यांना लागणारे रेसरपीन पुष्कळसे आफ्रिकेतल्या तिच्या एका जातभाई झाडाच्या मुळांतून काढले जाते. आपल्याकडे काही शेतकरी तिची लागवड करतात. मुळी तयार व्हायला दीड वर्ष तरी लागते आणि पानगळ झाल्यावर थंडीत खणली तर तिच्यात अल्कलॉइड भरपूर मिळते.